शिरोवस्त्राचा मसुदा

बारा वर्षांच्या एका मुलीच्या डोक्यावरच्या हातभर कापडासाठी सोळा शहाणी माणसं सव्वा महिना बसली होती आणि त्या सोळांचा अध्यक्ष मी होतो, हे मी आता कोणापासून लपवत नाही. लपवून उपयोगही नाही. आमच्या इमारतीत एखादी गोष्ट लपवायची असेल तर ती मोठ्याने सांगावी लागते. मग लोकांना त्यात रस उरत नाही.

मी महापालिकेच्या रस्ते विभागात मुख्य लेखनिक आहे. 'पुढे काम चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' ही पाटी तुम्ही वाचली असेल, तर ते वाक्य माझं. त्यातला 'दिलगीर' मी घातला. आधी 'क्षमस्व' होतं, त्यात दुःख कमी पडत होतं. पुढे काम चालू नसतं आणि दिलगीरही कोणी नसतं, ही गोष्ट वेगळी. वाक्य म्हणून ते निर्दोष आहे.

या कीर्तीमुळेच एक दिवस शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावणं धाडलं. मी पालक संघाचा सभासद होतो. म्हणजे वर्षातून दोनदा चहा पिऊन मान डोलवायची, एवढंच काम. बाईंनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला.

"शिक्षण कार्यालयाचं पत्रक आलंय. धार्मिक पोशाख आणि सांस्कृतिक विविधतेचा आदर, याबद्दल प्रत्येक शाळेचं लेखी धोरण हवंय. एक पान पुरे. तुम्ही लिहाल?"

"आत्तापर्यंत आपलं धोरण काय होतं?" मी विचारलं.

बाई विचारात पडल्या. "नव्हतंच हो. गरजच पडली नाही."

हे खरं होतं. माझ्या मुलीच्या वर्गात, सातवीत, एक मुलगी डोक्याला रुमाल बांधून येते. शाळेच्या फुटबॉल संघाची ती कप्तान, म्हणून माझी मुलगी आणि अख्खी शाळा तिला 'कॅप्टन' म्हणते. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा खेळाच्या सरांनी तिला सांगितलं होतं, "टोकं आत खोव, पळताना डोळ्यांवर येतील." तिने खोवली. झालं. शाळेचं धोरण एवढंच होतं. एका वाक्याचं, तोंडी, आणि बिनबोभाट चालणारं. पण एखादी गोष्ट चालते आहे आणि तिचा कागद नाही, याची आम्हा कारकुनांना जी रुखरुख लागते, ती इतरांना कळायची नाही. मी कागद उचलला.

घरी येऊन पहिला शब्द लिहिला तो 'शिरोवस्त्र'. 'रुमाल' म्हटलं की शेंबूड आठवतो. आदर दाखवायचा तर शब्द जड हवा. त्याखाली 'श्रद्धादर्शक परिधान' असं लिहिलं आणि दोन पावलं मागे जाऊन कागदाकडे बघितलं. छान दिसत होतं.

"त्या पोरीला विचारलंत का?" बायकोने कपडे वाळत घालता घालता विचारलं.

"पोरीला काय विचारायचं? धोरण तिच्यासाठी आहे. तिच्याकडून नाही."

बायकोने एक चादर माझ्या आणि तिच्या मध्ये पसरली आणि संभाषण संपवलं.

तिचं ऐकण्याऐवजी मी वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेलो. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकच खटला जिंकला, तोही समोरचा वकील आजारी पडला म्हणून. परंतु सल्ला द्यायला खटले जिंकावे लागत नाहीत. त्यांनी माझं पान चष्मा वर-खाली करून वाचलं आणि म्हणाले, "शिरोवस्त्र ठीक. पण शिर म्हणजे काय?"

"डोकं."

"ते सुरू कुठे होतं? भुवईपासून की केसांपासून? माझ्यासारख्याचं काय?" त्यांनी आपल्या गुळगुळीत कपाळावरून हात थेट मानेपर्यंत फिरवला. "माझं कपाळ कुठे संपतं ते मलाच माहीत नाही. व्याख्या घाला."

मी डोक्याची व्याख्या घातली. तीत कान येतात की नाहीत यावर आमची दुपार गेली.

खाली उतरताना विमावाल्याने गाठलं. हा तळमजल्यावर राहतो, विमा विकतो आणि कोणतीही गोष्ट ऐकली की 'आधी सर्व्हे करा' म्हणतो. त्याच्या बायकोने पोटात दुखतंय म्हटलं तरी तो तेच म्हणत असावा. "आकडेवारीशिवाय धोरण म्हणजे अंधारात दगड," तो म्हणाला. "प्रत्येक घरी फॉर्म पाठवा. त्यांनाच विचारा."

इथे माझं नशीब फुटलं. मी फॉर्म पाठवला.

साडेसहाशे घरांना एकच प्रश्न होता: 'आपल्या पाल्याच्या श्रद्धेनुसार आवश्यक असलेला पोशाख अथवा चिन्ह नमूद करावे.' त्या दिवसापर्यंत शाळेत असं काही घालणारी मुलं होती मोजून चार. कॅप्टन, तिसरीतला एक पोरगा जो केसांचा बुचडा बांधून त्यावर कापड लावतो, आणि गळ्यात पदक घालणाऱ्या दोन जुळ्या बहिणी. आठवड्याभरात फॉर्म परत आले तेव्हा श्रद्धाळूंची संख्या दोनशे अकरा झाली होती.

कारण सोपं होतं. दुसऱ्याला काहीतरी मिळतंय आणि आपण रांगेत नाही, हे दुःख माणसाला देवापेक्षाही लवकर श्रद्धेकडे नेतं. एका वडिलांनी लिहिलं होतं, 'आमच्या श्रद्धेत बुटांना पॉलिश वर्ज्य आहे.' एका आईने लिहिलं, 'मुलाने शर्ट बाहेर सोडणे ही आमची परंपरा आहे,' आणि कंसात, 'तीन पिढ्या'. एकाने लिहिलं, 'आमचा कशावरच विश्वास नाही, तरी आम्हाला काय मिळेल ते कळवावे.' चाळीस जणांनी 'हे विचारणारे तुम्ही कोण?' असं लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या साडेसहाशे फॉर्मांमधला तेवढाच एक शहाणा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून ते चाळीस फॉर्म मी 'अपूर्ण' या शेऱ्याखाली बाजूला ठेवले.

दोनशे अकरा घरांना समितीत प्रतिनिधी हवा होता. भांडत भांडत सोळांवर तडजोड झाली. मी अध्यक्ष, विमावाला उपाध्यक्ष, आणि वकील कायदेविषयक सल्लागार. म्हणजे त्यांना बिस्किटं दोन जास्त. त्या सोळांत डोक्यावर काही घालणारं एकही माणूस नव्हतं, आणि ही गोष्ट आमच्या कोणाच्याही डोक्यात आली नाही. कॅप्टनच्या आईला बोलावलं होतं. त्या रुग्णालयात परिचारिका आहेत, ऑपरेशन थिएटरमध्ये. त्यांची पाळी होती, म्हणून त्यांनी चिठ्ठी पाठवली: 'मुलगी आहे तशी ठीक आहे. कृपया काही करू नये.' आम्ही चिठ्ठी वाचली, तिच्यातल्या सौजन्याचं कौतुक केलं, ती दप्तरी दाखल केली आणि करायला लागलो.

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी विविधतेचा आदर व्यक्त केला. त्यात दोन तास गेले, कारण प्रत्येकाला आधीच्यापेक्षा थोडा जास्त आदर व्यक्त करायचा होता. दुसऱ्या बैठकीत रुमालाची लांबी निघाली. पॉलिशवाले वडील म्हणाले, अठरा इंच. शर्टवाल्या बाई म्हणाल्या, आदर करायचा तर मन मोठं ठेवा, बावीस करा. तिसऱ्या बैठकीत रंग. शाळेचा गणवेश राखाडी. रुमाल राखाडीच हवा, पण विविधता दिसेल इतपत वेगळा राखाडी. एकरूप तर दिसावा पण मिसळू नये! ही छटा कोणती हे ठरवायला मला गणवेशाच्या दुकानात पाठवण्यात आलं.

या दुकानदाराला त्या रस्त्यावर सगळे 'माप' म्हणतात. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो बघतच नाही, थेट खांद्यांकडे बघतो. मी काम सांगितलं. त्याने राखाडीच्या नऊ छटा काढल्या.

"डोकं कुठाय?" त्याने विचारलं.

"कोणाचं?"

"ज्याच्यावर बांधायचं त्याचं. कापड हातात धरून लांबी कळते होय? बसा." आणि मी काही बोलायच्या आत त्याने मला स्टुलावर बसवून बावीस इंची नमुना माझ्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. मग एक टाचणी कानामागे लावली. मग आणखी एक. "सरासरी डोकं आहे तुमचं," तो म्हणाला. बेचाळीस वर्षं जपलेल्या माझ्या बुद्धिमत्तेबद्दल इतकं थेट मत आजवर कोणी दिलं नव्हतं.

गाठ सुटेना. त्याने ओढली तर आवळली. तो कात्री शोधायला माळ्यावर चढला आणि नेमके त्याच वेळी आमच्या रस्ते विभागाचे साहेब नातीचा गणवेश घ्यायला दुकानात आले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, धोरण चाललंय."

"चालू द्या," साहेब म्हणाले आणि गणवेश न घेताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळे माझ्याशी फार हळू आवाजात आणि फार समजुतीने बोलत होते. शिपायाने मला न मागता पाणी आणून दिलं. एकाने तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आम्हाला काही फरक पडत नाही हं." कोणी चिडवलं असतं तर परवडलं असतं. तो दिवसभराचा आदर मात्र मला सोसवेना. कधी एकदा घरी जाऊन दार लावतो असं झालं होतं. या अनुभवावरून मी काही शिकायला हवं होतं. पण मी अध्यक्ष होतो, आणि अध्यक्ष शिकत नसतात.

मसुदा अकरा पानांचा झाला. तो घेऊन मी शिक्षण कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने मधली पानं न बघता पहिलं आणि शेवटचं पान बघितलं. मीही तसंच करतो, त्यामुळे मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

"विविधतेचा पुरावा कुठाय?" तो म्हणाला. "पाच प्रकार लागतात. फोटोसकट."

"आमच्याकडे तीनच आहेत."

"मग 'शाळेत पुरेशी विविधता नाही' असा दाखला आणा."

"तो कोण देतं?"

"आम्हीच देतो. पण त्यासाठी आधी मंजूर धोरण लागतं."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला माझ्याच खिडकीतून माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

मोठ्या बाईंनी तोड काढली: विविधता दिन. सगळ्या मुलांनी आपापल्या श्रद्धेच्या पोशाखात यायचं, फोटो काढायचे, पाच काय पन्नास प्रकार होतील. दोनशे अकरा घरांतल्या आया नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडे धावल्या. त्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं. त्या दिवशी शाळेच्या अंगणात पहिल्या रांगेतच सतरा राजे, नऊ पऱ्या, चार शिपाई, एक डॉक्टर आणि एक वांगं असे श्रद्धाळू जमले होते. वांग्याची आई म्हणाली, उशिरा गेलो, एवढंच उरलं होतं. त्याचाही फोटो काढला. शिक्षण कार्यालयाने तोच पुढे 'अन्य' या रकान्यात मंजूर केला.

कॅप्टन रोजच्या गणवेशात, रोजच्या रुमालात आली होती. विमावाल्याने तिला हाताला धरून मंचावर नेलं, तिच्या छातीवर 'विविधता दूत' असा बिल्ला लावला आणि माइक तोंडासमोर धरला. "बाळ, तुला इथे किती सुरक्षित वाटतं ते सगळ्यांना सांग."

ती पोरगी समोरच्या सहा-साडेसहाशे चेहऱ्यांकडे बघत राहिली. मैदानावर दहा जणींवर ओरडणारी ती, इथे बिल्ल्याची टाचणी चाचपत उभी होती. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळी शाळा तिच्या तोंडाकडे न बघता चार बोटं वर बघत होती. शेवटी ती म्हणाली, "मी जाऊ?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

त्या दिवसापासून माझी मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली. ती त्याच संघात गोलकीपर. घरात मला 'बाबा' म्हणणं तिने बंद केलं. "आई, अध्यक्षांना सांग, दारात दूधवाला आलाय." बायकोही निरोप्याचं काम निष्ठेने करायची: "अध्यक्ष, दूध."

धोरण मंजूर झालं. त्यातल्या कलम सातप्रमाणे शिरोवस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला परवाना. परवान्यावर फोटो. आता ओळख पटवण्याच्या फोटोत डोकं उघडं हवं, असा शिक्षण कार्यालयाचा नियम. डोक्यावरच्या कापडाचा परवाना आणि फोटो उघड्या डोक्याचा! कॅप्टनने आणि तिच्या आईने अर्थातच नकार दिला. यावर समिती दोनदा बसली. अखेर मीच मार्ग काढला: नुसत्या रुमालाचा फोटो. टेबलावर नीट पसरून, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवून काढलेला. मला माझ्या हुशारीचं मनापासून कौतुक वाटलं होतं. ते आज सांगताना कान गरम होतात.

तो परवाना घेऊन रविवारी सकाळी कॅप्टनच्या आई घरी आल्या. बायकोने खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. चेहऱ्यावर पाळीचा थकवा तसाच होता.

"दादा, हे कार्ड तुम्ही केलंत?"

"समितीने, ताई. मी फक्त शब्दरचना."

"तीन वर्षं माझी मुलगी शाळेत जात होती. आता तिचा रुमाल जातो, आणि त्याच्या मागून ती." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "आमच्या ऑपरेशन थिएटरात प्रत्येकाच्या डोक्याला कापड असतं. मोठ्या डॉक्टरांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत. आम्ही तिथे फक्त समोरच्याचे हात कसे चालतात ते बघतो."

"ताई, आमचा हेतू आदराचाच होता."

"असेल. पण तुमचा आदर तिला फार टोचतो हो."

त्या गेल्या. मी बायकोला म्हणालो, "बाई जरा फटकळ वाटल्या." बायको त्या दिवशी दोन चादरी धुवायला काढून बसली.

मग आंतरशालेय फुटबॉलचा उपांत्य सामना आला. दुपारचा सामना, आमचंच मैदान. मी अध्यक्ष या नात्याने पहिल्या रांगेत. शिट्टी व्हायच्या आधी स्पर्धेचा निरीक्षक मैदानात उतरला. शिक्षण कार्यालयाचा माणूस. हातात फाइल, फाइलीत माझं धोरण. ते अकरा पानी धोरण जगात पूर्ण वाचलेला तो एकमेव माणूस निघाला. लेखकाला वाचक भेटावा तर तो असा!

"कलम चार," तो खेळाच्या सरांना म्हणाला. "शिरोवस्त्रास पुढील ठिकाणी अनुमती राहील: वर्गखोली, वाचनालय, प्रयोगशाळा, सभागृह, जिना आणि प्रसाधनगृह. मैदान यात नाही. या मुलीला खेळता येणार नाही."

"अहो, ती तीन वर्षं खेळतेय!" सर म्हणाले.

"तेव्हा धोरण नव्हतं."

जिना वकिलांनी आग्रह धरून घालायला लावला होता. जिन्यावर सोळा जणांचं एकमत व्हायला एक अख्खी बैठक गेली होती. मैदान कोणालाच आठवलं नव्हतं. मुलगी फुटबॉलची कप्तान, आणि सोळा माणसांना मैदान आठवलं नाही. कारण सोळाच्या सोळा जण सव्वा महिना तिच्या डोक्याकडे बघत होते. पायांकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

कॅप्टन बाकावर बसली. सामना सुरू झाला. तिची जागा मोकळी आणि तिथूनच समोरच्या पोरी आत घुसत होत्या. माझ्या मुलीने दोन गोल खाल्ले. दुसऱ्या गोलनंतर तिने जाळ्यातून चेंडू काढला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, तर तिथे बायको उभी होती.

मध्यंतरात मी उठलो आणि बाकाकडे गेलो. कॅप्टन बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती.

"काका," ती वर न बघता म्हणाली, "मैदान लिहायला विसरलात, की मुद्दाम?"

"विसरलो."

"खरंच?"

"खरंच गं. देवाशपथ विसरलो."

"मुद्दाम असतं तर बरं होतं," ती म्हणाली. "मग भांडता तरी आलं असतं."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. बायकोची, साहेबांची, खड्ड्यात पडलेल्या नागरिकांची. त्यातलं एकही इतकं नेमक्या जागी लागलं नव्हतं. मी तडक निरीक्षकाकडे गेलो.

"कलम चारला परिशिष्ट आहे," मी म्हणालो. "परिशिष्ट क."

"माझ्या प्रतीत नाही."

"सुटलं असेल. पाच मिनिटांत आणतो."

अध्यक्षाने धडधडीत खोटं बोलावं आणि तेही सरकारी माणसाशी, हे माझ्या बत्तीस महिन्यांच्या पालक संघाच्या कारकिर्दीत बसत नव्हतं. मी सरांकडून गोल नोंदवायच्या वहीतला एक कोरा कागद घेतला, बाकावर कॅप्टनशेजारी बसलो आणि पेन उघडलं. आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर कोरा कागद असून मला एकही शब्द सुचेना.

"काय लिहू?" मी तिला विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी थट्टा करतोय का ते बघत होती. मग म्हणाली, "लिहा, ही खेळते."

मी लिहिलं, 'ही खेळते.' खाली सही केली, 'अध्यक्ष' लिहिलं, तारीख घातली आणि नेऊन दिलं.

निरीक्षकाने कागद वाचला. उलटा करून पाठ बघितली. "हे काय? यात भाषा कुठाय?"

"का? कळलं नाही?"

"कळलं ना. म्हणून तर शंका येते."

मी कागद परत घेतला आणि तिथेच त्याच्या फाइलीवर ठेवून खाली लिहिलं: 'उपरोक्त आशयास अनुसरून, क्रीडेच्छू विद्यार्थिनीने क्रीडांगणावर क्रीडेत सहभागी होण्यास प्रत्यवाय नसावा व सदर प्रकरणी शिरोवस्त्र हा अडसर म्हणून गणण्यात येऊ नये.'

त्याचा चेहरा उजळला. "हां! आता कसं! असं स्पष्ट लिहायचं असतं." आणि त्याने शिट्टीवाल्याला खूण केली.

कॅप्टन उत्तरार्धात उतरली. पहिल्याच चेंडूला ती समोरच्या दोघींच्या मधून अशी निसटली की दोघी एकमेकींवर आदळल्या. एक गोल तिने केला. दुसरा खांबाला लागून परत आला. आम्ही हरलो, दोन-एक. अर्धा वेळ कप्तानाशिवाय खेळून आम्ही एकाच गोलने हरलो, असंही म्हणता येईल. पण ते फक्त मी म्हणू नये, एवढी लाज मला उरली होती.

सामना संपल्यावर माझ्या मुलीने हातमोजे काढले आणि माझ्या अंगावर टाकले. "धरा," ती म्हणाली. थेट मला. मी धरले.

पुढच्या आठवड्यात समितीने मला नोटीस बजावली. गणसंख्येशिवाय परिशिष्ट जोडल्याबद्दल खुलासा मागितला होता. मी खुलासा दिला: 'ही खेळते.' तो त्यांना अपुरा वाटला. विमावाला अध्यक्ष झाला, आणि परिशिष्ट क चा अभ्यास करायला त्याने सात जणांची उपसमिती नेमली. सर्वात आधी ते सर्व्हे करणार आहेत. वकील अजून जिन्यात भेटले की विचारतात, 'क्रीडेच्छू' ची व्याख्या केलीत का? कॅप्टनच्या आईंनी कार्ड परत नेलं नाही. ते आमच्या टेबलावर चार दिवस पडून होतं, मग बायकोने त्याने खिडकीची फट बुजवली.

आता मला समितीत जागा नाही. शनिवारी मी मैदानावर जातो. एकदा कॅप्टन म्हणाली होती, "काका, यायचंच असेल तर रिकामे नका उभे राहू. बाटल्या घ्या." तेव्हापासून संघाच्या चौदा पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि रेषेबाहेर उभं राहायचं, हे माझं काम. यात मसुदा लागत नाही.

मागच्या शनिवारी एक नवे पालक शेजारी येऊन उभे राहिले. मुलीला यंदाच शाळेत घातलेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. चांगला माणूस, चेहऱ्यावरच आदर दिसत होता. थोडा वेळ खेळ बघून त्यांनी घसा साफ केला.

"ती डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी..."

"हो, ती डावीकडची. सुरेख पळते. शेजारणीला चेंडू देत नाही, एवढाच दोष."

"नाही, तसं नाही. मला फार आवडलं. म्हणजे शाळेचं याबाबत काही धोरण वगैरे आहे का? मी जरा लिहितो. काही मदत लागली तर..."

मी त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बघितलं. मग हातातल्या सात बाटल्या त्यांच्या दोन्ही हातांत कोंबल्या. दोन्ही हात गुंतले.

"धरा," मी म्हणालो. "त्या लाल बाटलीचं झाकण गळतं. अंगठा ठेवून उभे राहा."